येते म्हणावं

आमच्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. बाजाराला निघालेली बाई असो नाहीतर विरजण मागायला आलेली शेजारीण, उठताना ‘येऊ का?’ असंच विचारणार. लहानपणी एकदा मी घाईत ‘जाते गं’ म्हणाले, तर आजीनं पायरीवरून परत बोलावलं, पाटावर टेकवलं, हातावर साखर ठेवली आणि ‘येते’ वदवून घेऊनच सोडलं. त्या नादात शाळेला उशीर झाला आणि गुरुजींची छडी खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून लहान वर्ग सांभाळत मला 20 वर्षं होऊन गेली. या काळात जी रडणी, जे अबोले, ज्या पोटदुख्या वाट्याला आल्या, त्यातल्या कितीतरींच्या मुळाशी कुणीतरी न सांगता निघून गेलेलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मीही त्या निघून जाण्याला हातभारच लावत होते.

म्हणजे कसा, तर 15 जूनला. शाळा भरते, प्रवेशोत्सव असतो, दाराला आंब्याचं तोरण, पहिलीच्या पोरांना फुगे, एखाद्या वर्षी बैलगाडीतून मिरवणूक. आणि दाराशी एकेक आई डोळ्यांनी खुणावत असते, ‘बाई, जरा बोलण्यात गुंतवा, मी सटकते.’ मी गुंतवायचे. ‘ते बघ, लिंबावर माकड!’ पोरगं वर बघायचं आणि खाली बघेपर्यंत आई गायब. मग जो टाहो फुटायचा, तो आम्ही दोघी बाया मिळून साजरा केल्यासारखा सोसायचो. दोन दिवसांत सरावतंय म्हणायचो. सरावतं खरं. पण त्या पोरानं त्या दिवशी शाळेत काय शिकलं? माकड बघायला मान वर केली की आई नाहीशी होते, हे शिकलं. दुसऱ्या दिवशी ते फुग्याकडं बघत नाही, पदर सोडत नाही, आणि आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे.

आता मी सटकू देत नाही. आईनं पोरासमोर बसून सांगायचं, मी निघाले. रडू दे. आणि येणार कधी, ते घड्याळात सांगायचं नाही, कारण पहिलीच्या पोराला साडेबारा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ‘खिचडी खाऊन हात धुतलास की मी दारात’, असं सांगायचं. आणि यायचं. खिचडीच्या आधी एक मिनिट आली तरी चालेल, नंतर नाही. रडं जास्त मोठं होतं, खोटं बोलणार नाही. पण ते ओळखीचं रडं असतं, त्याला शेवट असतो.

हे शहाणपण मला आलं ते एका म्हशीवाल्या घरातल्या पोराकडून.

2019 साली मी कृष्णाकाठच्या एका गावात होते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर गेलं की धोका, हे आमच्याकडं पाढे न येणाऱ्या पोरालाही पाठ असतं. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती निघालं, यावर पारावर चर्चा चाले आणि पोरं ती तोंड उघडं टाकून ऐकत. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. आमच्या शाळेत ते फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत चढलं होतं. ओसरल्यावर भिंतीवर एक तपकिरी रेघ सोडून गेलं. आम्ही गाळ काढला, फिनेल मारलं, हजेरीपटाची पानं दोरीवर वाळत घातली. पोरं परत आली आणि आल्या आल्या त्या रेघेला पाठ लावून उंची मोजायला लागली. एकाचंही डोकं तिथवर पोचत नव्हतं. ‘बाई, मी बुडालो असतो,’ असं म्हणून ती खुशाल हसत होती.

आणि मी काय केलं? तिसरीच्या वर्गाला निबंध घातला, ‘मी पाहिलेला पूर’. मनातलं बाहेर पडेल, मोकळी होतील, असं मला वाटलं होतं. चांगल्या हेतूनं केलेला गाढवपणा.

एका पोरानं लिहिलं: ‘पूर पावसाळ्यात येतो. पूर सर्वांना आवडतो. पुरापासून आपणांस पाणी मिळते. पूर आपला मित्र आहे.’ गायीच्या निबंधाचा साचा उचलून त्यात पूर बसवलेला. मी खाली लाल पेनानं शेरा मारला, ‘विषय समजून घेऊन लिही.’ ती वही आज हाती लागली तर तो शेरा मी खरवडून काढीन. साच्याच्या मागं ते पोर लपलं होतं, आणि मी त्याला बाहेर ओढायला निघाले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 साली मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली होती. संकटातून आलेल्या माणसाला झालेलं सगळं सांगायला भाग पाडू नका, बोलला तर ऐका, नाही बोलला तर नुसते जवळ बसा, असं तिच्यात स्पष्ट आहे. मी ती वाचली पुढं दोन-तीन वर्षांनी.

त्या आठवड्यापासून त्याचं पोट दुखायला लागलं. ‘बाई, माज्या पोटात दुकतंय, घरी जाऊ?’ पहिल्यांदा मला जंत वाटले. आमच्या धंद्यात पोटदुखी म्हणजे आधी जंत. गोळी झाली. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, काही नाही म्हणाले. तरी दुखतंय ते दुखतंयच. घरी पाठवला की अर्ध्या तासात हा रस्त्यात गोट्या खेळताना दिसायचा. एकदा तर माझा पारा चढला आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आलं का रे तुझं पोट?’ वर्ग फिदीफिदी हसला. तोही हसला. हसताना त्याचा हात पोटावरच होता.

त्या हातानं मला गप्प केलं. खोटं दुखणारं पोट माणूस विसरतो, हा विसरत नव्हता. मग मी हजेरीच्या शेवटच्या पानावर वेळ लिहायला लागले, कधी दुखतं ते. दहा-बारा नोंदी झाल्यावर दिसलं, की गणिताशी काही संबंध नाही, खिचडीशी नाही. आभाळ भरून आलं, पत्र्यावर सर वाजली, की याचा हात पोटाकडं जातो.

बाकीचं त्याच्या आजीनं सांगितलं. पूरग्रस्तांच्या कसल्याशा कागदाला बोनाफाईड पाहिजे म्हणून ती आली होती, ओट्यावर टेकली आणि आपणहून बोलायला लागली. ‘पयल्या बोटीत पोरं आन् म्हातारी घातली, बाई. ह्येचा बा आन् आई ऱ्हायली सलॅबवर, म्हसरं हाईत म्हणून. ह्येला सांगितलं, म्होरल्या बोटीनं येताव.’ पुढची बोट आलीच नाही. छावणीत दोन रात्री गेल्या. मधल्या काळात, 8 ऑगस्टला, ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी तिथं येऊन धडकली. कुठली बोट, कोण कोण, कुणाला ठाऊक नाही, नुसता गलका. तिसऱ्या दिवशी आई-बाप आले, म्हशी पण वाचल्या. ‘समदी वाचली बगा. आता कशाला पोट दुकायचं?’

म्हातारीचं चुकत नव्हतं. मोठ्यांच्या हिशेबात सगळे वाचले की हिशेब पूर्ण होतो. आधी पोरांना काढलं, यापेक्षा शहाणपणाचं काय असतं? पण आठ वर्षांच्या पोराच्या बाजूनं बघा. त्याला काढलं नव्हतं, त्याला धाडलं होतं. आणि पुढच्या बोटीनं येतो म्हणणारी माणसं आली नव्हती. त्याला पोटदुखी घेऊन घरी जायचं नव्हतं, त्याला फक्त घर जागेवर आहे का ते बघायचं होतं. दिसलं की काम झालं, मग गोट्या.

उपाय इतका साधा निघाला की सांगायला लाज वाटते. आमच्या वर्गाला पूर्वेकडं एक खिडकी होती. तिच्यातून लिंबाच्या पलीकडं त्याच्या घराचा पत्रा आणि त्यावरची निळी ताडपत्री दिसायची. हा बसायचा बरोबर उलट्या भिंतीला. मी त्याची जागा बदलली. आणि सांगितलं, पोट दुखलं की विचारायचं नाही, पळत जायचं, आईला शिवून यायचं, पाच मिनिटांत परत. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीनदा पळाला. मग एकदा. दिवाळीनंतर तर पळायचं विसरूनच गेला. फक्त पाऊस आला की मान खिडकीकडं वळायची, आणि मी तेवढ्यापुरती न बघितल्यासारखी फळ्याकडं तोंड करायचे.

त्याच दिवसांत मधल्या सुट्टीत पोरांनी एक खेळ काढला होता, पूर-पूर. बाक उलटा टाकायचा, ती बोट. एक जवान, एक सरपंच, दोन म्हाताऱ्या, आणि एक बोटीत यायला तयार नसलेली म्हैस. म्हशीच्या पार्टासाठी रोज मारामाऱ्या होत, कारण म्हशीला काही पाठ करायचं नसतं आणि सगळ्यांनी तिला ढकलायचं असतं. मी आधी तो खेळ बंद पाडला होता, नको त्या आठवणी कशाला म्हणून. पोरं वर्गामागं जाऊन खेळायला लागली. मग सोडून दिलं. लक्षात आलं, की खेळात बोट दर वेळी पोचते. रोज पाच-सहा वेळा पूर येतो आणि पाच-सहा वेळा सगळे पोचतात. मी निबंधातून जे काढू पाहत होते, ते पोरं माझ्या मदतीशिवाय आपापलं करत होती. तो मुलगा कायम जवान व्हायचा, आणि आधी म्हैस चढवल्याशिवाय बोट सोडायचा नाही.

मध्ये मी केंद्रप्रमुख पदाच्या परीक्षेचा अभ्यास केला. पास झाले नाही, पण त्या निमित्तानं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सलग वाचला. सतराव्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे, ते सगळ्या शिक्षकांना माहीत असतं, निदान भीतीपोटी तरी. एकोणतिसाव्या कलमात अभ्यासक्रम कसा असावा याची यादी आहे. तिचा शेवटचा मुद्दा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा. त्याच्या लगेच वरचा मुद्दा असा, की मुलाला भय, आघात आणि चिंता यांतून मोकळं करावं आणि आपलं म्हणणं खुलेपणानं मांडायला मदत करावी. एकाखाली एक दोन ओळी. खालच्या ओळीसाठी 2010 पासून आम्ही वर्णनात्मक नोंदींच्या वह्याच्या वह्या भरतोय. वरच्या ओळीबद्दल मला आजवर कुणी तक्ता मागितला नाही. मागू नये हीच प्रार्थना. मागितला तर त्याच्याही तयार नोंदी दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर फिरतील, ‘भयमुक्त आहे’, ‘चिंता कमी आहे’, आणि आम्ही त्या उतरवून काढू. ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य मी आयुष्यात किती पोरांच्या नावापुढं लिहिलंय, देव जाणे. त्यातली निम्मी झोपलेली असायची.

त्या मुलाच्या पानावर मात्र मी दुसऱ्या सत्रात लिहिलं होतं, ‘पावसात खिडकीजवळ बसवावे.’ माझी बहुधा तेवढी एकच नोंद खरोखर उपयोगाची. पण ती कुणी वाचली नाही. मार्च 2020 मध्ये शाळाच बंद झाली. तेव्हा तर आम्ही सगळेच पोरांना न सांगता गेलो. पुढं 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्याची आई नंतर बाजारात भेटली, सांगत होती, ‘ह्या खेपंला ह्येनं ऐकलंच न्हाई, बाई. आदी म्हसरं हलवली, मग समदी संगट निघालो. घरात एकटं म्होरं कुणी जायाचं न्हाई म्हणतो.’

सगळ्यांचं खिडकीनं भागतं असं नाही. एका मुलीच्या घरी रोज रात्री मारहाण व्हायची. तिथं जागा बदलून काय होणार? 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करावा लागला, आणि केल्यावर महिनाभर मला गावात कुणी चहा विचारला नाही. मोठ्या माणसांना, आया-बापांना स्वतःला काही सुचेनासं झालं तर 14416 हा टेली-मानसचा, मनाच्या दुखण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, 2022 पासून. तो मी आता पालकसभेत फळ्यावर लिहिते. लिहून घेताना कुणी दिसत नाही. पण सभा संपल्यावर एखादी आई मागं रेंगाळते आणि फळ्याचा फोटो काढते.

मग माझी बदली झाली. ऑनलाइन, उन्हाळी सुट्टीत. नदीकाठ सुटला आणि खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर गेले. जिल्हा तोच, जग वेगळं. हा दुष्काळी टापू. इथली माणसं गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यासाठी ती देशभर पांगलीत. उत्तर प्रदेशात, तमिळनाडूत, केरळात, जिथं सराफ कट्टा तिथं खानापूर-आटपाडीचा माणूस. गावात बंगले चांगले, आणि बंगल्यांत म्हातारी माणसं आणि पोरं.

दुसरीत एक मुलगी नव्यानं आली होती. जन्मापासून केरळात वाढलेली, मराठी घरातली पण बोलताना मध्येच मल्याळी शब्द टाकायची. आई-बापांनी तिला शिक्षणासाठी आजीकडं ठेवलं. ती कुणाशी भांडत नव्हती, रडत नव्हती, अभ्यासही बरा. एकच गोष्ट, ती दप्तर पाठीवरून काढायची नाही. लिहिताना पाठीवर, खिचडी खाताना पाठीवर, खोखोत सुद्धा पाठीवर. पट्ट्यांनी खांद्याला घामोळं आलेलं. काढ म्हटलं की दोन्ही मुठींत पट्टे घट्ट धरायची. आठवडाभर मी काही बोलले नाही. एकदा डबा धुताना तिच्या शेजारी बसले आणि नुसतं म्हटलं, ‘जड लागत असंल नाही?’ तर म्हणाली, ‘आई आली की लगेच निघायचंय.’

आजीला बोलावलं. आजीनं तिला सांगितलं होतं, आई दुकानात गेलीय, उद्या येती. दीड महिना रोज ‘उद्या’. ‘खरं सांगितलं तर पोर झुरंल की, बाई.’ मी म्हटलं, ती झुरतेच आहे, उभ्यानं. मग मधल्या सुट्टीत आईला व्हिडिओ कॉल लावला. आई बिचारी समजूतदार. डोळे पुसत तिनं पोरीला सरळ सांगितलं, ‘मी आज येणार नाही, उद्या पण नाही. दिवाळीला येणार. वसुबारसेच्या आधल्या दिवशी.’ भिंतीवरच्या कालनिर्णयाचं ते पान काढून आम्ही त्या तारखेला लाल गोल केला. पोरगी दोन दिवस जी रडली! आजी शाळेत येऊन मला ताडताड बोलून गेली, ‘चांगली ऱ्हात हुती, कशाला रडवलंसा?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी परिपाठानंतर बघते तर दप्तर खाली, भिंतीला टेकवलेलं. तिनंच ठेवलं होतं. पट्टे मात्र हाताला लागतील असे.

त्या रात्री जेवताना मला घास उतरेना. आजीबाईला केवढं ऐकवलं होतं मी, पोरांना सांगून जावं म्हणून! आणि नदीकाठच्या शाळेत मी पहिलीपासून सांभाळलेला दुसरीचा वर्ग? एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निकालपत्रकं वाटली, ‘सुट्टीत आंबे खा, जूनमध्ये भेटू’ म्हणाले आणि निघाले. बदलीचा आदेश मेमध्ये आला. कार्यमुक्त झाले तेव्हा शाळेत एक शिपाईसुद्धा नव्हता. जूनमध्ये ती पोरं तिसरीच्या वर्गात येऊन बसली असतील आणि दारातून दुसरंच कुणी आलं असेल.

तिथल्या बाईंना फोन केला. त्या हसतच म्हणाल्या, ‘अहो, तुमची छत्री राहिलीय खिळ्याला. मी काढून कपाटात ठेवायला गेले तर पोरं काढू देईनात. बाई न्यायला येणार हाईत म्हणतात.’

काळी, एक काडी मोडलेली छत्री. मी ती मुद्दाम टाकून आले होते.

जुलैच्या एका शनिवारी माझी सकाळची शाळा सुटल्यावर रजेच्या भानगडीत न पडता तिथल्या बाईंना पोरं थोडी थांबवून ठेवायला सांगितलं आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन गेले. वाटलं होतं, पळत येऊन बिलगतील. कुणी उठलं नाही. लाडू घेतले, पण माझ्याकडं बघितल्या न बघितल्यासारखं करून. माझ्या मनासारखं झालं नाही, आणि तेच रास्त होतं. शेवटी पुढच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, ‘छत्री न्यायला आलाय का?’

मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, माझी बदली झाली. मला माहीत नव्हतं, झाली तेव्हा सुट्टी होती, पण कळल्यावर तरी येऊन सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, चुकले. आता ह्या तुमच्या बाई. मी इथं शिकवायला परत येणार नाही. एकानं लगेच पाठ फिरवली. दुसऱ्यानं विचारलं, तिकडची पोरं हुशार हाईत का? मी म्हटलं, तुमच्याएवढी नाहीत. हे खोटं होतं, पण ते चालतं.

छत्री खिळ्यावरून काढली. दारात आले आणि तोंडात ‘येते’ आलं. जिभेवरच थांबवलं. इतकी वर्षं हा शब्द मी निघताना बोलत आले, त्यात येण्याचं काही नसायचं. म्हणून नेमका दिवस सांगावा म्हटलं.

‘नागपंचमीला येते,’ मी म्हणाले.

मघाशी पाठ फिरवलेला तो वळला.

‘पंचमीला शाळंला सुट्टी असती, बाई.’

मी परत आत आले. भिंतीवरचं कालनिर्णय काढून आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो.